लिथियमची पातळी आणि मराठवाड्याचा उन्हाळा

“मेंदूतलं केमिकल कमी-जास्त झालंय म्हणता ना, मग रक्त तपासून नेमकं किती ते सांगा.” मनोविकाराच्या ओपीडीत नातेवाईक हे हटकून विचारतात, आणि विचारणं रास्तच आहे. साखर मोजता येते, थायरॉईड मोजता येतो, मग सेरोटोनिन का नाही? कारण रक्तात सापडणारं सेरोटोनिन बहुतेक सगळं आतड्यांत तयार झालेलं असतं, प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं आणि ते मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतःच बनवतो. त्यामुळे दंडातून काढलेल्या रक्तातला आकडा डोक्यात काय चाललंय याचा पत्ता देत नाही. डोपामिनचंही तेच. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांचं निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी निवांत बोलूनच होतं. तेव्हा ‘मेंदूचं रसायन तपासणारं’ एखादं पॅकेज कुणी विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. अल्झायमरची गोष्ट थोडी वेगळी आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यासाठी पहिल्या रक्त तपासणीला मान्यता दिली, पण तीही पंचावन्न वर्षं किंवा त्यापुढच्या वयाच्या, लक्षणं दिसू लागलेल्या माणसांसाठी आणि इतर तपासण्यांच्या जोडीला.

मग मराठवाड्यातल्या घाटी या सरकारी रुग्णालयात असो की खाजगी दवाखान्यात, मनोविकारतज्ज्ञ चिठ्ठीवर रक्त तपासण्या लिहितात त्या कशासाठी?

पहिलं कारण सुरुवातीचं. थायरॉईड मंदावला की माणूस नैराश्य आल्यासारखाच दिसतो: सुस्ती, झोप, रडू, कशातच मन न लागणं. थायरॉईड वाढला तर धडधड आणि घाबरेपणा. बी-१२ कमी असेल तर विसरभोळेपणा, चिडचिड, हातापायांना मुंग्या, क्वचित भासही. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता भरपूर आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास १९९३ पासून करत आले, त्यात ती ठळकपणे दिसली. शुद्ध शाकाहार हे एक कारण. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीची गोळी रोजची झालेल्यांतही बी-१२ खाली जातं. त्यामुळे नैराश्याची गोळी सुरू होण्याआधी टीएसएच, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर आणि वयस्कर माणसात सोडियम एवढं पाहिलेलं असावं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉईडच्या तपासणीआधी दोनेक दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात.

दुसरं कारण औषधाचं, आणि या लेखाचा जीव त्यात आहे. मनोविकारात नियमित रक्त काढायचं ते आजार मोजायला नव्हे, औषधावर राखण ठेवायला. लिथियम घेणाऱ्याच्या घरात हे समजलेलं असेल तर अर्धी लढाई जिंकली.

लिथियम म्हणजे बायपोलर आजारातलं सगळ्यांत जुनं आणि अजूनही खात्रीचं औषध. तुमच्या पाकिटावर बहुधा लिथोसन किंवा असंच काही नाव असेल. तो एक साधा क्षार आहे. १९४८ साली मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात जॉन केड या डॉक्टरने ते उन्मादाच्या रुग्णांना दिलं. पाच वर्षं उन्मादात असलेला त्याचा पहिला रुग्ण काही आठवड्यांत शांत झाला, घरी गेला, कामावर रुजू झाला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची माहीत नसते. त्याच रुग्णाचा १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला देत होते. तिथेही माणसं दगावली आणि ते बाजारातून काढावं लागलं. औषध गुणकारी, पण किती पुरे आणि किती जास्त हे कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग मेलबर्नमध्येच एडवर्ड ट्राउटनर यांनी काढला. ज्योतीत जळताना लिथियम जो प्रकाश देतं तो मोजून रक्तातली पातळी काढायची. १९५० च्या दशकात रक्ताचा आकडा हाताशी आला, डेन्मार्कच्या मोगेन्स शाउ यांनी चाचण्या घेतल्या आणि जवळपास टाकून दिलेलं औषध परत आलं. अमेरिकेने त्याला १९७० मध्ये मान्यता दिली. सांगायचा मुद्दा हा की लिथियमची रक्त तपासणी म्हणजे औषधाच्या शेपटाला नंतर लावलेली कटकट नव्हे. तिच्यामुळेच हे औषध माणसाला देण्याजोगं झालं.

गुण येण्याची पातळी आणि विषबाधेची पातळी यांत अंतर फार थोडं आहे. एरवी चालू उपचारात ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात, तीव्र उन्मादात १.० किंवा थोडं वर, वयस्करांत त्याहून कमी. १.५ च्या वर धोका सुरू होतो. एकक मिलिमोल प्रति लिटर लिहिलेलं असो की मिलिइक्विव्हॅलंट, लिथियमच्या बाबतीत आकडा एकच. तुमच्यासाठी कोणता आकडा बरा हे तुमचे डॉक्टर ठरवतील. लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल रेंज’ सगळ्यांसाठी सरसकट असते.

आता रक्त द्यायचं कसं, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. वर दिलेले आकडे शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढलेल्या रक्तासाठी आहेत. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त. अर्धा तास इकडेतिकडे चालेल. पण घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा सकाळी साडेसहाला बेल वाजवतो, तेव्हा साडेनऊच तास झालेले असतात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. त्याला उशिरा बोलवा, नाहीतर आदल्या रात्री डॉक्टरांना विचारून गोळी लवकर घ्या. घाटीच्या रांगेत उभं राहणार असाल तर नंबर कधी लागेल याचा अंदाज धरूनच रात्रीची वेळ ठरवावी. सकाळीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच घ्यायची, डबा सोबत न्यावा. वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या कंपन्यांत शिफ्ट फिरती असते. रात्रपाळीच्या आठवड्यात गोळीची वेळ सरकते आणि बारा तासांचा हिशेब कोलमडतो. तिथे सोपा उपाय म्हणजे पहिल्या पाळीच्या आठवड्यात, गोळीची वेळ चार-पाच दिवस स्थिर झाल्यावर रक्त देणं. काहीही असो, लॅबच्या फॉर्मवर ‘शेवटची गोळी किती वाजता’ हे आपल्या हाताने लिहा. फॉर्मवर त्यासाठी रकाना नसेल तर समासात लिहा.

लिथियमच्या पातळीसाठी उपाशीपोटी जायची गरज नाही. साखर किंवा चरबीही तपासायची असेल तरच उपाशी, आणि तेव्हाही पाणी प्यायचंच. रक्त द्यायचंय म्हणून रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेणारी माणसं असतात. लिथियमवाल्यांनी तर हे मुळीच करू नये.

नळीच्या टोपणाचा रंग बघा, हेही सांगून ठेवतो. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन घातलेलं असतं. अशा नळीत घेतलेल्या रक्तात नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्टही विषबाधेसारखा येऊ शकतो. लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी हवी. मोठ्या लॅबमध्ये हे ठाऊक असतं. लहान संकलन केंद्रात, जिथे लिथियमची मागणी क्वचित येते, तिथे एकदा विचारण्यात कमीपणा नाही. तुमचा नमुना बाहेरगावच्या मुख्य लॅबला जाणार असेल तर रिपोर्ट कधी मिळेल हेही तेव्हाच विचारा, म्हणजे डॉक्टरांची भेट रिपोर्टच्या आधीची घेतली जाणार नाही.

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला पाच ते सात दिवस लागतात, त्याआधी तपासून उपयोग नाही. स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला आणि मग तीन ते सहा महिन्यांनी, अशी सर्वसाधारण रीत आहे. एक सवय मात्र मोडायला हवी. महिनाभर गोळ्या धरसोड घ्यायच्या आणि तपासणीच्या आधीचा आठवडा नेमाने. रिपोर्ट छान येतो आणि डॉक्टर त्यावर विश्वास ठेवून डोस ठरवतात. त्यापेक्षा “गोळ्या चुकल्या” हे सांगून टाकलेलं बरं. कुणी रागावलं तर रागावलं.

आणि आता उन्हाळा. इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांतलं ‘तीन ते सहा महिन्यांनी’ हे वेळापत्रक आपल्याकडे जसंच्या तसं लावणं मला पटत नाही. लिथियम शरीराबाहेर पडतं ते जवळपास सगळं मूत्रपिंडातून, आणि मूत्रपिंड त्याला सोडियमच्या भावासारखं वागवतं. घाम खूप गेला, जुलाब झाले, पाणी कमी पडलं, मीठ एकदम कमी केलं की मूत्रपिंड सोडियम राखायला बघतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही परत ओढून घेतं. डोस तोच, गोळी तीच, तरी पातळी चढते. एप्रिल-मे मध्ये आपल्या भागात पारा चाळिशीच्या पुढे जातो, शेतात आणि बांधकामावर माणसं दिवसभर असतात, कंपन्यांच्या शेडमध्ये हवा नसते. नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर ज्या शहराचा आठवडा ठरतो, तिथे ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही वाटतो तेवढा सोपा नाही. म्हणून लिथियम घेणाऱ्याने एक तपासणी होळीच्या सुमारास आणि एक मे महिन्यात करावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावं. थंडीत ०.९ वर नीट असलेला माणूस उन्हाळ्यात त्याच डोसवर काठावर येऊ शकतो.

सणवार आणि उपवासही याच हिशेबात धरा. अळणी उपवास, निर्जळी एकादशी, नवरात्रातले नऊ दिवस, रमजानचे रोजे. रमजान गेल्या काही वर्षांत सरकत फेब्रुवारी-मार्चवर आला आहे, त्यामुळे तूर्त उन्हाची जोड कमी, पण दिवसभर पाणी नसतंच. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. तरीही धरायचाच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा, गोळीची वेळ इफ्तारनंतर बसवून घ्या आणि पहिल्या आठवड्यानंतर पातळी बघा. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी निघणाऱ्याने निघण्याआधी पातळी तपासावी, गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवावी आणि दिंडीतल्या एका तरी माणसाला औषधाचं नाव सांगून ठेवावं. मिठाबाबत साधा नियम आहे: रोजच्या जेवणात जेवढं असतं तेवढंच राहू द्या. ब्लड प्रेशर निघालं आणि कुणी “मीठ बंद करा” म्हणालं तर आधी लिथियमचं नाव काढा.

ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचं प्रकरण वेगळंच आहे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या लिथियमची पातळी चढवतात. टेल्मा एचसारख्या गोळीत टेल्मिसार्टन आणि थायझाइड दोन्ही एकत्र असतात. फिजिशियनला मानसिक औषध सांगायला संकोच वाटतो, म्हणून माणसं लपवतात. हा संकोच महागात पडतो. दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, व्होवेरान या मेडिकलवर सहज मिळतात, आणि गुडघेदुखीसाठी आठवडाभर घेतल्या तर लिथियम वर जातं. अंगदुखी किंवा तापाला साधी पॅरासिटामॉल घ्यावी, म्हणजे क्रोसिन, डोलो. यातलं कुठलंही औषध डॉक्टरांनी नाइलाजाने सुरू केलंच तर आठवडाभरात पातळी तपासायची.

आता लक्षणं. बारीक हातथरथर लिथियमवर बऱ्याच जणांना असते, तिला घाबरू नका. पण थरथर ठळक झाली, कपातला चहा सांडू लागला, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला दिसू लागला, तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. घाटीचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. तिथे पहिलं वाक्य “हे लिथियमवर आहेत” हे असू द्या. उष्माघात किंवा दारू समजून वेळ जायला नको. अशा वेळी बारा तास थांबायचं नसतं, आहे त्या क्षणी रक्त काढतात, शेवटची गोळी कधी घेतली ते सांगितलं की पुरे. पातळी फारच वर असेल तर डायलिसिसने लिथियम बाहेर काढता येतं. अनेक वर्षं गोळी घेणाऱ्यात आकडा तेवढासा मोठा नसतानाही विषबाधा झालेली असू शकते, म्हणून रिपोर्ट ‘ठीक’ आला तरी लक्षणं असतील तर उठून घरी येऊ नका. साध्या गॅस्ट्रोतही, लग्नाच्या पंगतीनंतरच्या जुलाबांतही, गोळी थांबवायची का हे त्याच दिवशी फोन करून विचारावं. आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने लिथियम एकाएकी सोडणं हेही धोक्याचं आहे. आजार उसळून येतो.

लिथियमच्या पातळीबरोबर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम बघतात. लिथियम थायरॉईड मंदावू शकतं, विशेषतः बायकांत. तसं झालं तर थायरॉईडची गोळी जोडतात. लिथियम बंद करायची वेळ सहसा येत नाही. क्रिएटिनिनच्या बाबतीत एका रिपोर्टवर जाऊ नका. २०१९ ला ०.८, २०२२ ला १.०, आज १.२ असं दिसत असेल तर प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असूनही मूत्रपिंडाची वाट उताराची आहे. ही वाट दिसते ती एकाच वहीत, एकाखाली एक आकडे लिहिले तरच. तारीख, शेवटच्या गोळीची वेळ, डोस, लॅबचं नाव, लिथियम, क्रिएटिनिन, टीएसएच, कॅल्शियम, वजन. शक्यतो लॅब एकच ठेवा. सारखी तहान लागणं आणि रात्री चार-पाचदा लघवीला उठणं हेही वहीत लिहा, आणि लघवी होते म्हणून पाणी तोडू नका.

बाकीची औषधं थोडक्यात. क्लोझापिन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या, मृत्यू झाले, औषध मागे पडलं. रक्तावर नजर ठेवायच्या अटीवर ते परत आलं. सर्वसाधारणपणे पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला सीबीसी, मग वर्ष पुरं होईपर्यंत पंधरवड्याला, पुढे महिन्याला. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणा: ६००० पेशी आणि ५५ टक्के म्हणजे ३३००. हा आकडा १५०० च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. क्लोझापिनवर असताना ताप आला, घसा दुखला तर आधी सीबीसी, मग घशाची गोळी. बद्धकोष्ठही या औषधात हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, पण ती रक्तात दिसत नाही, विचारावी लागते.

व्हॅल्प्रोएटला यकृताच्या तपासण्या आणि प्लेटलेट्स. मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुलीला किंवा बाईला हे औषध देण्याआधी बोलणं झालेलंच हवं, कारण गर्भावर त्याचे परिणाम गंभीर असतात. मुलीचं लग्न ठरलं की हा विषय डॉक्टरांकडे आईने काढला तरी चालेल. कार्बामाझेपिनला सोडियम आणि सीबीसी, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. ओलान्झापिन आणि त्याच्या भावंडांनी वजन, साखर, चरबी वाढते. सुरू करण्याआधी, तीन महिन्यांनी आणि मग दर वर्षी तपासायची, पोटाचा घेर मात्र घरीच टेपने मोजता येतो. फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ठरावीक टप्प्यानंतर डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी झपाट्याने वाढते, म्हणून अर्धी गोळीही आपल्या मनाने वाढवू नये.

सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथेच होती. मराठवाड्यातला माणूस त्यामुळे बहुतेक वेळा घाटीच्या मनोविकार विभागात येतो, बीड-जालना-परभणीहून एसटीने. प्रत्येक पातळीसाठी एवढा प्रवास करायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी रक्त द्या, वेळ लिहिलेला रिपोर्ट घेऊन ठरलेल्या तारखेला या, किंवा डॉक्टरांची हरकत नसेल तर फोटो पाठवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्वतःच्या उपचाराची कागदपत्रं मिळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, तेव्हा डिस्चार्ज कार्डाची आणि जुन्या रिपोर्टची प्रत मागताना अजिजी करू नका. मध्येच शंका आली आणि डॉक्टर भेटत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. विषबाधेच्या लक्षणांसाठी मात्र फोन लावत बसायचं नाही, रिक्षा बोलवायची.